स्पेनच्या राजवाड्यात सत्कार

३ मे, बोरी
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, त्यामुळे खरे तेच लिहीन.

परवा मुलीकडे, अर्पिताकडे, माद्रिदला निघतो. सोबत ही. दहा तारखेला राजवाडा आणि चित्रांचे म्युझियम. तिकिटे अर्पिताने ऑनलाइन काढली आहेत. सोसायटीचा माजी चेअरमन येतोय म्हटल्यावर राजवाड्यात सत्कार होणारच, असे चहाच्या हॉटेलात सहज बोललो. पुतण्या महारुद्रने संध्याकाळी बसस्टँडवर फ्लेक्स लावलासुद्धा. 'स्पेनच्या राजवाड्यात सत्कार झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधली जागा मोकळी. फोटो आला की तिथे डकवायचा.

आत्ताचा चेअरमन सिताराम फ्लेक्सखाली उभा राहून म्हणाला म्हणे, तिकीट काढलं की तितं कुणालाबी आत सोडतेत. जळतो. फोटो घेतल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही.

८ मे, माद्रिद
सत्काराचे सामान सत्कारमूर्तीनेच न्यायचे असते, हे सोसायटीत असल्यापासून माहीत आहे. शाल आणि फेटा बोरीहून आणला. नारळ इथे मिळाला, पण शेंडी पार तासलेला. ही म्हणाली, असला बोडका नारळ कुनी कुनाला देतं का. युरोपात चालतो.

उद्यापासून स्पॅनिश शिकणार.

९ मे
स्पॅनिश सोपी आहे. त्यामुळे शिकलो नाही.

१० मे, सकाळ
राजवाड्याच्या रांगेत. फेटा बांधला आहे. लोक फोटो काढायलेत. कीर्ती आपल्याआधी पोचली.

राजा इथे राहत नाही, असे अर्पिताने आत्ता सांगितले. आधी सांगायला हवे होते. कोणीतरी प्रतिनिधी असेलच.

तासाभराने
तपासणीच्या यंत्रात नारळ अडकला. शिपायाने तो कानाशी हलवून पाहिला. आत पाणी आहे, असे मी प्रामाणिकपणे अर्पिताला सांगायला लावले. तिथेच चुकले. नारळ जप्त. जाताना परत देणार आहेत.

दुपार
राजवाडा मोठा आहे. छतावर चित्रे, भिंतीला रेशीम. नीट पाहता आला नाही, कारण मी प्रतिनिधी शोधत होतो. एका दालनात बिल्ले लावलेला एक रुबाबदार गृहस्थ उभा होता. त्याच्या हातात शाल दिली, त्याच्यापुढे मान वाकवली, अर्पिताला फोटोची खूण केली. तो थँक्यू म्हणाला आणि शाल घेऊन निघून गेला.

कोणाची तरी हरवलेली शाल मी आणून दिली, असे त्याला वाटले. ती त्याने सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत जमा केली. सोडवायला दुपार गेली. अर्पिताने सही करून दिली. जाताना नारळही परत मिळाला. बाहेर येऊन ती म्हणाली, बाबा, आता बस करा. तिचा आवाज बदलला होता. वाईट वाटले. पण तिला बसस्टँडवरची मोकळी जागा दिसत नाही, मला दिसते.

चार वाजता, म्युझियम
इथे आत फोटोच काढू देत नाहीत. मग लोक येतात कशाला?

एका मोठ्या चित्रापुढे गर्दी होती. मध्ये छोटी राजकन्या, आजूबाजूला दासी, खाली कुत्रा. चित्र काढणाऱ्याने स्वतःलाही त्यात काढले आहे, पण एका बाजूला, अंधारात. एवढे हातात असताना माणूस कडेला कशाला उभा राहतो? मी असतो तर मध्ये असतो.

ही चित्रांकडे बघतच नव्हती. दालनात पहाऱ्याला असलेल्या बाईकडे बघत होती. म्हणाली, कवापासून हुबी हाय बिचारी, पाय बघा कसे सुजलेत. मग उठून तिला बाकावर बसायची खूण केली. बाई हसली, बसली नाही. नियम असावा. दोघी बराच वेळ बोलत होत्या. ही मराठीत, ती स्पॅनिशमध्ये. काही अडले नाही.

संध्याकाळ
नवीन योजना. म्युझियमच्या पायऱ्यांवर सत्कार. मागे दगडी खांब आहेत, गावाला राजवाडाच वाटेल. फेटा सुटला होता, तो बांधायला स्वच्छतागृहात गेलो. आलो तोवर सगळे उरकले होते.

अर्पिताने सांगितले ते असे. ती पहाऱ्याची बाई ड्युटी संपवून बाहेर आली. लेकीबाळीला रिकाम्या हातानं कसं धाडायचं, म्हणून हिने पायऱ्यांवरच तिला हळदकुंकू लावले आणि बोडक्या नारळाने तिची ओटी भरली. वर शाल दिली. बाईचे डोळे भरले. तिने ती शाल उलगडून हिच्याच खांद्यावर घातली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. पायऱ्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्पिताने फोटो काढला.

मी म्हणालो, पुन्हा एकदा करू, मी मध्ये उभा राहतो. बाई बसमध्ये बसून गेली होती. नारळही गेला.

११ मे
अर्पिताने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. महारुद्रने लगेच अंगठा दाखवला. कशाला, ते विचारले नाही.

२४ मे, बोरी
बसस्टँडवर हलगी होती. उतरताना फेटा सावरला. लोक माझ्या बाजूने पुढे गेले आणि हिच्या गळ्यात हार घातले.

फ्लेक्सची मोकळी जागा भरली आहे. मध्ये ही, अंगावर माझी शाल. मजकूर तोच, राजवाड्याचा. महारुद्र म्हणाला, काका, काकूंचा फोटो लय भारी आला, मग म्या तोच लावला. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो आहेत. पहिला सिताराम. कडेला शेवटचा मी, सोसायटीच्या निवडणुकीतला जुना फोटो.

तिथेच छोटा कार्यक्रम झाला. अध्यक्ष सिताराम. त्याने राजवाड्यावर अर्धा तास भाषण केले. ही म्हणाली, मला बोलता येत न्हाई, ती बाई लय चांगली व्हती.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. केले.