नजीर, तुझ्या नावाचा पिस्टन

प्रिय नजीर,

तू गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण करून रहिमतपूरहून आत्ताच साताऱ्याला परतलोय. कारखान्यात माझ्या टेबलावर डिझेल गाडीच्या नव्या पिस्टनचं ड्रॉइंग पडलंय. तुझ्या आरिफनं सही केलीय, भागीदार म्हणून माझी राहिलीय. पिस्टनला त्यानं तुझं नाव दिलंय. आणि त्यात लोखंडी कडं नाही.

म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू?

वरच्या रिंगच्या खाचेतलं ते कडं आपल्याला किती छळायचं, आठवतं? प्रत्येक कडं वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुचकळायचं, हातानं साच्यात ठेवायचं, मगच पिस्टन ओतायचा. साचा तेवढा वेळ रिकामा बसायचा. माल पाठवायचं काम माझं, त्यामुळे पिस्टन घेणाऱ्या गाड्यांच्या कंपनीच्या शिव्याही मलाच.

वर तुझी ती खोड. दिवसाचा पहिला पिस्टन, कितीही चांगला निघो, करवतीनं उभा कापायचा आणि कडं आत नीट धरलंय का बघायचं. पोरं त्या कापण्याला तुझा नाष्टा म्हणायची, हाळी द्यायची, “भाईंचा नाष्टा झाला का रं? मग लावा पुढचं ओतायला.” तू हसायचास, पण कापल्याशिवाय पुढचं ओतू द्यायचा नाहीस. तू गेल्यापासून करवत बंद आहे. तिच्यावर जेवणाचे डबे ठेवतात.

तसा तू काटकसरीही तेवढाच. पेट्रोल गाडीच्या पिस्टनमधून कडं तूच काढलंस, भिंती पातळ केल्यास. मी घाबरलो तर म्हणालास, “सदा, महाग केलं म्हंजे चांगलं केलं, आसं न्हाई रं. जिथं मार न्हाई तिथं लोखंड कशाला?”

आज जेवताना आरिफनं तेच माझ्यावर फेकलं. “काका, अब्बांनीच कडं काढायला शिकवलं न्हवं? मग डिझेलला का अडताय?” कंपनीचा खरेदीवाला साहेब शेजारी बिर्याणी वाढून घेत होता. म्हणाला, “हा पिस्टन हीच भाईंना श्रद्धांजली.” साऱ्यांनी माना डोलावल्या. मी ताट सारून हात धुवायला उठलो.

डिझेलला मार आहे, हे लेकाला तू कधी सांगितलंस? त्या दाबाखाली नुसत्या ॲल्युमिनियमची खाच झिजते, रिंग खुळखुळते, इंजिन तेल पितं. तेही सावकाश, गॅरंटी संपल्यावर. कंपनीचा हिशेब बरोबरच आहे. धूर निघेल तेव्हा गाडी तिसऱ्याच कुणाकडे असेल.

तू आरिफला इथं “काढ” म्हणालास, तिथं “ठेव” म्हणालास. का, ते एकदाही नाही. त्यानं विचारलं की तुझं ठरलेलं, “सांगितलं तेवढं कर.” अर्धंच शिकवून गेलास, गड्या. आता ते अर्धंच तुझ्या नावानं ओतलं जाणार.

निघताना तो म्हणाला, “सही न्हाई केली तर आर्डर जाईल, काका. मग पोरांच्या पगाराचं तुमी बघणार?” तेही खोटं नाही.

तरी सही करणार नाही. उद्या सकाळी करवतीवरचे डबे उचलीन आणि कडं असलेला पहिला जुना डिझेल पिस्टन आरिफच्या हातानं कापवून घेईन. तुझं कडं त्याच्या अंगठ्याखाली आलं की तू न सांगितलेलं कारण सांगीन. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं, तर त्यानं दुसरा भागीदार शोधावा. पण त्या पिस्टनवर तुझं नाव मी राहू देणार नाही, एवढं वचन.

तुझा,
सदा