डाव्या हाताची भिंत

आत्याबाई, सगळ्यात आधी आली ती तुमची धाकटी सून, माझी जाऊबाई. साडेदहाला ये म्हटलं होतं, तर ही नऊलाच सोमाटण्याहून रिक्षा करून हजर. हातात पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या फुलांचा हा एवढा गुच्छ, नवं घर केलंय म्हणून. आता फुलं ठेवायची कुठं? आमच्या नातसुनेनं होती नव्हती तेवढी फुलं भंगारवाल्याला घातली. धाकटी दारात चप्पल काढता काढता थबकली. म्हणाली, "आक्का, सामान कुटं गेलं गं सगळं? चोरी झाली का काय?" मी म्हटलं, "चोरी न्हाई, फॅशन हाय. आत ये." ती आत आली, बसायला खुर्ची शोधली, ती सापडेना तेव्हा पाटावर टेकली. आणि मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. ती काय बोलली ते सांगते, पण आधी तुम्हाला घर कसं झालंय ते कळायला पाहिजे.

नातू नवलाख उंबऱ्याला कारखान्यात जातो आणि त्याची बायको लोणावळ्यात मोठ्या लोकांचे बंगले आतून सजवायच्या कामावर आहे. तिच्या तिथं आता कमी सामानाची तऱ्हा निघालीय. घरात थोडंच ठेवायचं, पण जे ठेवायचं ते लाकडाचं, मातीचं, सुताचं, म्हणजे घर रिकामंही दिसत नाही आणि उबदार वाटतं. पोर गुणाची आहे, विचारल्याशिवाय खिळा ठोकत नाही. मला म्हणाली, "आजी, आपल्या टाकव्याच्या घरापासून सुरुवात करू?" मी हो म्हणून बसले. माझं शोकेस गेलं, त्यातल्या बाहुल्या गेल्या, सोनेरी घड्याळ गेलं. पिस्ता रंगाच्या भिंतींना भाताच्या तुसाचा रंग आला. ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे लावले, संध्याकाळी चिमणी लावल्यागत वाटतं. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली तुमची पीठ मळायची लाकडी काठवट तिनं घासून, तेल लावून मधोमध मांडली. तीत काही ठेवायचं नाही, नुसती बघायची. पन्नास वर्षं मी या घरात भाकऱ्या थापल्या, त्यातलं काही मांडायला सुचलं नाही तिला. तुमची काठवट मांडली. मी रोज तिच्यावरून फडकं फिरवते, आणि खरं सांगायचं तर जरा जोरातच फिरवते.

कारण हे घर आता तुमच्या घरासारखं दिसतं, आत्याबाई. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा हेच होतं की. मातीच्या भिंती, एक कोनाडा, एक दांडी, कोपऱ्यात उतरंड. माझ्या माहेरी फरशी होती, त्यामुळं मला लाज वाटायची. पण येईल ती बाई उंबऱ्यातूनच म्हणायची, "म्हातारीच्या हातचं सारवण बघावं." पाय ठेवायच्या आधी जमिनीकडं बघायची. नव्या सुनेकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

मला तो दिवस आठवतो. सणाचं सारवण आहे. शेणाची पाटी मध्ये ठेवून तुम्ही त्या भिंतीकडून निघालात, मी या भिंतीकडून. मी जीव तोडून हात फिरवतेय, आज तरी म्हातारी बरं म्हणेल म्हणून. दोघी मधोमध भेटलो. तुम्ही उठून कमरेवर हात ठेवलात, जमिनीकडं पाहिलंत आणि म्हणालात, "सूनबाई, मधी बांध घातलाय का वाटणीचा?" तुम्ही डावखुऱ्या. तुमचे वळसे एकीकडं वळलेले, माझे दुसरीकडं, आणि जिथं भेटले तिथं सरळ रेघ, दोन भावांच्या शेतासारखी. तुम्ही माझा अर्धा भाग पुसून टाकलात आणि परत सारवलात. मी चुलीपुढं बसून रडले. त्यानंतर मी तुमच्या शेजारी उकिडवी बसून डाव्या हातानं सारवायला शिकले. पावसाळा गेला तेवढं शिकायला. जेवते उजव्यानं, हे लिहितेय तेही उजव्यानं, पण सारवण आलं की डावाच हात पाटीत जातो. मग मधली रेघ गेली. कुठपर्यंत तुमचं आणि कुठून माझं ते कुणाला ओळखू येईना, आणि सगळंच तुमच्या नावावर गेलं.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि मी शहाबादी फरशी घालून घेतली. सगळ्यांना सांगितलं, गुडघ्यांना सोसत नाही. गुडघे धड होते माझे. बाया उंबऱ्यातून खाली बघायच्या थांबाव्यात, एवढंच होतं.

तर ती भिंत. नातसुनेला समोरची एक भिंत मातीची हवी होती. लोणावळ्याहून मिस्त्री आला, थापी फिरवून गेला, भिंत अशी गुळगुळीत झाली की बँकेत बसल्यागत वाटावं. ती पोर भिंतीकडं पाठ करून बसली. मला बघवेना. म्हटलं, "सर बाजूला." माती चाळली, शेण कालवलं, तूस घातलं, एक रात्र मुरू दिलं, आणि दोन दिवस स्टुलावर चढउतार करत ती भिंत एकटीनं सारवली. इतका आनंद मला नातवाच्या लग्नातही झाला नव्हता. सकाळचं ऊन तिरपं आलं की वळसे उठून दिसतात, खवल्यावर खवला.

आणि त्या भिंतीकडं बघून तुमची धाकटी सून काय म्हणाली? "अगं बाई, आत्याबाई येऊन गेल्या का काय?" मी म्हटलं, "दोन दिवस स्टुलावर कोण चढत होतं, त्या का मी?" तर हसून म्हणते, "चढली तू आसशील. हात त्यांचाच हाय." मेल्यावरही माणसानं किती भाव खावा, आत्याबाई?

तेवढ्यात घर बघायला यायच्या होत्या त्या नातसुनेच्या कामावरच्या मॅडम आल्या, लोणावळ्याच्या, बरोबर फोटो काढणारी एक मुलगी. काठवटीकडं त्यांनी बघितलंही नाही, थेट भिंतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. हात लावू का, म्हणून विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, वळसे उलटे आहेत. तुम्ही डावखुऱ्या का?" मी म्हटलं, "व्हय." धाकटीच्या तोंडात अर्धा लाडू. ती म्हणाली, "कदीपासनं?" मी म्हटलं, "चहा उतू चाललाय, बघ जा." मॅडमनी विचारलं, "शिकवलं कुणी?" मी म्हटलं, "शिकवतंय कोण? उपजतच." आतून कपबशीचा आवाज थांबला. धाकटी बाहेर आली, सगळ्यांना चहा दिला आणि माझ्यापुढं कप धरताना हळूच म्हणाली, "उजव्या हातानं घेऊ नगंस, आक्का." आणि मी येडी, डाव्या हातानं घेतला. अर्धा साडीवर सांडला.

माझे फोटो काढले, भिंतीपाशी उभी करून. खूप दिवसांनी कुणी माझ्याकडं असं बघत होतं. जाताना मॅडम म्हणाल्या, कामावरच्या चार मुलींना घेऊन येते, तुमचा हात त्यांना शिकवा. तुमचा हात, असंच म्हणाल्या. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

हा कागद तुमच्या काठवटीखाली सारून ठेवते, तिथं कुणी हात लावत नाही. येत्या बुधवारी दहाला येणार आहेत. धाकटीला मी कळवलेलं नाही.