व्हॅन तापतेय

७ ऑक्टोबर, मंगळवार

व्हॅन तापली. दत्तनगरच्या चौकात, भर गर्दीत, आत शाळेची सात पोरं. पुढून वाफ निघायला लागली तशी पोरांना उतरवलं, फुटपाथवर ओळीनं उभं केलं, एकमेकांचे हात धरायला लावले. मागचे हॉर्न वाजवतायत. म्हणलं वाजवा, तुमच्या हॉर्ननं गार होणार असली तर अजून वाजवा.

मला दम निघाला नाही. फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी मनगटावर. पोरं दूर होती, देवाची कृपा. शाळेत वीस मिनिटं उशीर.

घरी हे ओरडले, "गरम असताना झाकण उघडायचं नाही, किती वेळा सांगितलं?" सांगितलंय. खुर्चीत बसून सांगायला काय जातं.

फोड आलाय.

८ ऑक्टोबर, बुधवार

सूरजच्या गॅरेजला नेली. त्यानं पाईप दाबून बघितले, तोंड वाकडं केलं. "मावशी, इंजिनातलं हेड गॅसकेट गेलं असणार. चौदा हजार धरा. रेडिएटर बदलायचा झाला तर वेगळे."

"असणार म्हणजे? गेलंय की नाही?"

"उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि उघडायचे किती?"

"चार."

म्हणजे नुसतं बघायचेच चार हजार. पोरगा खोटा नाही, पण त्याला सगळा आजार इंजिनातच दिसतो. वर म्हणतो, "तेरा वर्षांची गाडी आहे. विकून टाका." तेरा वर्षांची मीही होते कधीतरी, तेव्हापासून चालतेच आहे की.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाच लिटरचा कॅन टँकरच्या पाण्यानं भरून गाडीत ठेवला. निघताना पाणी, शाळेत गार झाल्यावर पाणी, परत आल्यावर पाणी. बाळंतिणीसारखं चाललंय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

व्हॅनमधल्या शेफालीची आई बिल्डिंगच्या दारात थांबली होती. "काकू, विश्वास तुमच्यावरच आहे. पण परत अशी बंद पडली तर दिवाळीनंतर आम्ही दुसरी व्हॅन बघू. बाकीच्यांचंही तेच म्हणणं आहे." प्रेमानं म्हणाली. रागानं म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं.

मग तिची नजर माझ्या पाठीमागच्या उशीवर. "सीट पुढं घ्या की, काकू. उशी कशाला?"

"जाम आहे," म्हणलं.

जाम नाही. दोन वर्षांत मी सीटला हातच लावला नाही. सीट यांच्या पायांच्या मापाची आहे. साखरेनं यांचे डोळे गेले. अगदी अंधार नाही, पण समोरच्याचं तोंड ओळखू येत नाही. तेव्हापासून गाडी मी चालवते. शिकवली यांनीच, आरडाओरडा करून. आणि त्या दिवसापासून हे गाडीत बसलेले नाहीत. दवाखान्यात रिक्षानं जातात, घरची गाडी दारात उभी. एकदा म्हणलं, "चला, मी सोडते." तर म्हणतात, "मी डाव्या बाजूला बसणार नाही."

बसू नका. पण सीट मी हलवली नाही. उद्या दिसायला लागलं तर? डॉक्टर म्हणतो, आहे तेवढंच राहील. त्याला काय, तो रोज पन्नास जणांना तेच सांगतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेला सुट्टी. तीन नोव्हेंबरला शाळा उघडेपर्यंत व्हॅन नीट झाली तर पोरं माझी. नाहीतर गेली, आणि पोरं गेली की आमचं दोघांचं चालणार कशावर?

१८ ऑक्टोबर, शनिवार

हे म्हणाले, "विकून टाक." मी भाकरीचं पीठ मळत होते. मळत राहिले.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली आंघोळ. पहाटे बादलीत रॉड लावला तर पाणी तापेचना. हे उटणं लावून पाटावर कुडकुडतायत. रॉड काढून बघितला – पांढरं पुट, नखानं निघेना. टँकरच्या पाण्याचं. एरवी दर दोन-तीन महिन्यांनी मी तो लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवते. या वेळी गाडीच्या नादात राहिलं.

रॉड हातात तसाच. म्हणलं, "अहो, रेडिएटरला आतून असंच होतं का?"

हे उटण्याच्या तोंडानं म्हणाले, "तू पाणी कुठलं घालतेस?"

"टँकरचं. मग काय पिण्याचं घालू? नळ दिवसाआड येतो."

"आणि कूलंट?"

"बंद केलं. रंगीत पाण्याला चारशे रुपये कोण देतंय."

"कधीपासून?"

"तुम्ही गाडी सोडल्यापासून."

यांनी उटण्याचा हात कपाळाला लावला. मग हसायला लागले. पाटावरून पडतात की काय असं हसले. "विजू, गाडीला मुतखडा केलास तू."

राग आला. पण खरं होतं. इथं रॉडची ऊब पाण्यात जाईना, तिथं पाण्याची ऊब बाहेर जाईना. सूरज इंजिनात शोधत होता आणि चूक माझ्या कॅनमध्ये.

दोन वर्षांत हे असे हसले नव्हते. पाणी शेवटी गॅसवर तापवलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. किराणावाल्याकडून लिंबूसत्व आणलं. विचारतो, "ताई, फरसाण करताय का?" म्हणलं, "हो, व्हॅनचं."

हे खुर्ची घेऊन गाडीजवळ बसले. मी पोतं टाकून खाली आडवी.

"खालचा पाईप. क्लिप सैल कर. ओढू नकोस, फिरव."

"फिरत नाही."

"फिरतो. तुला घाई आहे."

फिरला. बादलीत पाणी पडलं ते चहासारखं, त्यात पांढऱ्या खपल्या. यांनी हात घालून चिमटीत धरून बघितल्या. पाईप परत बसवला, लिंबूसत्वाचं पाणी भरलं, इंजिन वीस मिनिटं चालवलं, बंद केलं.

"आता थांब. गार होऊ दे."

दीड तास बसवून ठेवलं मला. मी उठायला लागले की म्हणायचे, "बस." मध्येच माझं मनगट हातात घेतलं, फोडाच्या डागावरून अंगठा फिरवला.

असं तीनदा. मग साधं पाणी घालून घालून धुतलं. शेवटी बॅटरीचं पाणी, ज्याचं पुट धरत नाही ते, आणि कूलंट. चारशे नाही, साडेपाचशे झालंय आता.

अंगाला लोखंडाचा वास येतोय.

१ नोव्हेंबर, शनिवार

एकटीनं जुन्या कात्रज घाटात वरपर्यंत नेली. गरमीचा काटा निम्म्यावर. वर गेल्यावर मुद्दाम दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. हलला नाही.

येताना सूरजच्या दारात थांबले. सगळं ऐकून म्हणाला, "मावशी, इथं कामाला या."

"परवडणार नाही तुला."

शेफालीच्या आईला फोन केला, पोरीला सोमवारी पावणेसातला खाली उभी ठेवा.

यांना सांगितलं. "काटा?" "निम्म्यावर." "बरं," म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं, अजून काहीतरी म्हणतील.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खाली गेले तर व्हॅनचं दार उघडं. उशी जागेवर नाही. बसले – पाय सरळ ब्रेकवर पोचले. सीट पुढं घेतलेली, रुळाला ताजं ग्रीस.

हे डाव्या बाजूला बसलेले. उशी मांडीवर, बोटं काळी. म्हणाले, "चल. शेफाली उभी असेल."