साठ नावं आणि एक डबा

९ जानेवारी

साठ झाली! साठावं नाव दुपारी पडलं, साताऱ्याच्या कुणा डॉक्टरांचं. 'मिळून घेऊ' या माझ्या ऑनलाइन दुकानावर आजवर माशांच्या टाक्यांचे पंप विकले, बोन्सायच्या कुंड्या विकल्या — पण एका पेनासाठी साठ माणसं पहिल्यांदाच. आपला नियम सोपा. ठरलेली नावं भरली तर वस्तू बनते, नाही भरली तर विषय संपला. भरली!

तशीच गाडी काढून राजारामपुरीतून उद्यमनगर गाठलं. काळ्या कडक रबराच्या कांडीतून हाताने पेन काढणारा माझ्या माहितीत एकच माणूस उरलाय, जयसिंगकाका. मी दारातूनच ओरडले, "काका, साठ!" त्यांनी कानटोपी काढली, परत घातली. आनंदाने वाचाच बसली असणार. त्यांचा मुलगा जोतीराम महिनाअखेर पेनं काढायचं मशीन विकायला निघालाय — "काम न्हाई तर जागा कशाला अडवायची" म्हणे. आता विकून दाखव म्हणावं!

१३ जानेवारी

नमुन्याचं पेन नाशिकहून परत. टोपणाचे आटे घट्ट, अशी तक्रार. आम्हा पेनवेड्यांची ही पद्धतच आहे — काम सुरू व्हायच्या आधी एक नमुना गावोगाव फिरवायचा. प्रत्येकाने दोन दिवस लिहायचं, पुढच्याला पाठवायचं. सगळे पास म्हणाले की मगच बाकीची पेनं. काकांकडे ना नकाशा, ना लिहिलेली मापं. तो नमुना चाचपत चाचपतच उरलेली करायची.

काकांकडे नेलं. "आटं मोकळं करतो, तू जा, चा सांगून ये." चहा घेऊन येते तर आटे झाले, डबाही बांधून तयार. "तुझ्या पॅकिंगला दम न्हाई, पोरी." चिकटपट्टी अशी गुंडाळलीय की फोडणाऱ्याची दैना! तसाच कुरिअरला दिला. आता एकच माणूस उरला — बिद्रीचे बाळासो सर. त्यांनी पास केलं की मशीन सुरू.

१६ जानेवारी

सरांचा फोन. "ताई, डब्यात पेन न्हाई. नुसत्या चिंध्या हाईत."

म्हटलं, थट्टा करताय काय सर?

सर थट्टा करत नाहीत. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आमच्या पेनवेड्यांच्या ग्रुपवर सगळे त्यांच्या अक्षरावर फिदा. लगेच कुरिअरवाल्याला फोन लावला.

१७ जानेवारी

कुरिअरवाला म्हणतो, डबा जसाच्या तसा पोचवला, पट्टीला ओरखडा नव्हता, सरांची सही आहे. मग सरांना व्हिडिओ मागितला. नियम आहे — मीच लिहिलेला — डबा फोडतानाचा व्हिडिओ काढायचा. व्हिडिओ नाही तर तक्रार नाही.

"पेन बघायच्या घाईत ऱ्हायलं की हो," म्हणतात.

राहिलं! एवढं एक करायचं होतं, तेही राहिलं!

१९ जानेवारी

ग्रुपवर नुसता राडा. 'मास्तरांना मोह आवरला नाही.' 'दोन वर्षांमागे एक निबही असंच महिनाभर दाबून ठेवलं होतं.' 'बिचारे पेन्शनर, जाऊ द्या' — हे तर सगळ्यात वाईट.

मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. उलट लिहिलं — 'नियम सगळ्यांना सारखा. सर, पेन परत करा, विषय इथेच मिटेल.' चारशे माणसांसमोर. आणि मग खाली किती अंगठे आले ते बघत बसले.

२० जानेवारी

सर ग्रुप सोडून गेले.

२२ जानेवारी

काकांना म्हटलं, दुसरा नमुना करा.

"त्ये न्हाई व्हायचं. पयलं कसं झालं ह्ये मलाच ठावं न्हाई."

प्रयत्न तरी करा की.

"न्हाई म्हटलं की न्हाई!" एवढ्या जोरात माझ्यावर कधी ओरडले नव्हते. बाहेर येऊन गाडीवर बसून रडले, लोक बघत होते तरी रडले. त्यांच्यावर कसला राग धरू? आयुष्यात पहिल्यांदा साठ माणसं त्यांच्या दारात उभी होती आणि एका माणसाच्या हावेपायी सगळ्याचा इस्कोट झाला. त्या मास्तराचं तोंड बघणार नाही.

२५ जानेवारी

साठातले एकेचाळीस राहिले. 'नमुनाच नाही तर कशाच्या भरवशावर थांबू?'

२७ जानेवारी

चोवीस. जोतीरामचा फोन, मशीनला गिऱ्हाईक आलंय. दोन दिवस थांब म्हटलं. "ताई, तुमच्या दोन दिवसांचं मला काय सांगताय?" खरंच, काय सांगतेय मी?

२८ जानेवारी

बिद्रीला गेले. शेवटचं. हातापाया पडायचं, भांडायचं, काय वाटेल ते करायचं पण पेन घेऊन यायचं, असं ठरवून गेले.

सरांच्या मिसेसनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. सर आतून आले. आधी वाळलेलेच, आता पार खंगलेत. काही बोलायच्या आत त्यांनी कपाट उघडलं. रिकामं. जमवलेली सगळी पेनं शाळेतल्या पोरांना वाटून टाकली म्हणे. "बघा ताई. मनात राहायला नको. झडती घ्या."

आणि मी घेतली. खरंच घेतली! कपड्यांच्या घड्यांखाली हात घालून बघितलं. मिसेस दारात उभ्या होत्या. शी! काय करून बसले मी?

निघताना म्हणाले, "मला आता बॉलपेन पुरतंय. तुम्ही सावकाश जावा, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या हाईत."

काही मिळालं नाही. चोर असा वागतो का? पण मग पेन गेलं कुठं?

३१ जानेवारी

मशीन गेलं. टेम्पोत चढवायला सहा माणसं लागली. काका आतच पाठमोरे बसून राहिले, बाहेर आले नाहीत. मी हाक मारली तरी नाही.

घरी येऊन सगळ्यांना निरोप पाठवला — खरेदी रद्द. दोघातिघांनी हात जोडलेले पाठवले. मला हे दुकानच नको झालंय.

३ फेब्रुवारी

दुपारी चिमणाकाकी आल्या. जयसिंगकाकांची बायको, कधी माझी पायरी चढल्या नव्हत्या. पदराखालून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

"डब्यातनं ह्यांनीच काढून ठिवलंतं. दसऱ्यापास्नं दिसत न्हाई त्यास्नी. ह्ये एक केलं तवा डोळ्यांत जरा उजेड हुता. पोराला बी ठावं न्हाई. तू साठ म्हणालीस आन् त्या दिवसापास्नं त्यांचं जेवाण तुटलं बघ."

मी बाळासो सरांचं नाव काढलं. काकी एकदम माझ्या पायाशी वाकल्या. "कुणाला सांगू नगंस, बाळा. म्हाताऱ्याची अब्रू हाय."

मी हो म्हणाले.