बटण खाली, गाणं वर

३ नोव्हें., सोम.
मेहरू घर विकून पुण्याला चालली. मला कुणी सांगितलं? गेटवरच्या गार्डने! "आंटीजी, चौथी मंज़िलवाली मैडम जा रही हैं, आपको तो पता ही होगा." म्हटलं, हां हां, पता है. काय पता है, कप्पाळ. गाझियाबादेत आल्यापासूनची मैत्रीण ही. मुलं एकत्र वाढवली, तिचा शीरखुर्मा माझ्या पातेल्यात आणि माझा साखरभात तिच्या डब्यात. आणि बाईसाहेब तोंडात गुळणी धरून बसल्या. मुलाने बोलावलंय म्हणे, इम्रानने. बोलावू दे. मी स्वतःहून एक शब्द बोलणार नाही.

५ नोव्हें.
लिफ्टमध्ये भेटली. मी मोबाइलात डोकं घातलं. म्हणाली, हवा किती घाण झालीये ना. मी "हं". दुसरा मजला आला, उतरले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुम्ही दोघी साठीच्या ना? म्हटलं, तुम्ही आपला पेपर वाचा.

८ नोव्हें., शनि.
सकाळी ओट्यापाशी नेहमीसारखी भूपाळी लावली. केतकीने (आमची लेक, बंगळूरला असते) गाण्यांचं ॲप टाकून दिलंय ना, त्याच्यावर. बटण दाबलं, गाणं पुढे सरकतंय, आवाज नाही. आवाज वाढवला. फुल्ल. तरी नाही. भूपाळी बिघडली असेल म्हणून लावणी लावून बघितली, तीही मुकी. चिडून फोन डब्यांमागे ठेवला आणि पोळ्यांना लागले.
संध्याकाळी केतकीला विचारलं. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय वाच, म्हणाली. "मेहरू हॉल".
अगं बाई. दिवाळीत मेहरूच्या नव्या स्पीकरवर मीच माझं खातं लावून दिलं होतं. तिला मराठी गाणी हवी होती आणि पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा. ते तसंच राहिलं, आणि आज माझं बोट कुठेतरी लागलं. म्हणजे भल्या सकाळी तिच्या हॉलमध्ये, फुल्ल आवाजात, ढोलकी...
केतकी हसून हसून खोकायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ नोव्हें.
वर जाऊन सॉरी म्हणावं का? म्हटलं तर बोलणं सुरू होईल, आणि मी तर बोलत नाहीये. केतकीने आवाज परत आपल्या फोनवर कसा आणायचा ते शिकवलं. एक मात्र कळेना. ॲपमध्ये दिसतंय, लावणी शेवटपर्यंत वाजली होती. मेहरूने प्लग का नाही काढला?

१० नोव्हें., सोम.
मुद्दाम लावली. भूपाळीच, पण वर. आवाज बेताचा. संपेपर्यंत बंद झाली नाही. मी लाटणं हातात घेऊन फोनकडे बघत उभी. हे म्हणाले, मला काही ऐकू येत नाहीये. म्हटलं, तुमच्यासाठी नाहीच आहे ते.

१२ नोव्हें.
आज टोमणा. सासरी निघालेल्या मुलीचं एक रडकं गाणं आहे, ते पाठवलं. संपल्यावर पुन्हा तेच. कळू दे. दुसऱ्यांदा मध्येच थांबलं, आणि भूपाळी सुरू झाली. मी काही केलं नव्हतं! तिचा स्पीकर तोंडाने सांगितलं तरी गाणं बदलतो, म्हणजे तिनेच सांगितलं असणार. एकटीच हसले. राग आहेच, बरं का.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी "मेहरू हॉल" दिसेचना. गेली की काय न सांगता? लिफ्टची वाट कोण बघतो, तशीच घरच्या चपलांत जिना चढले. दार उघडं, हॉलभर खोकी, आणि ही बया स्पीकर टॉवेलात गुंडाळत बसलेली. मला रडूच फुटलं. म्हटलं, का नाही सांगितलंस मला?
"तुला सांगितलं असतं तर तू नको जाऊस म्हणाली असतीस, वसू. आणि मग मी गेलेच नसते."
इम्रानच्या मुलांना ती फक्त फोनमध्ये दिसणारी दादी आहे म्हणाली. चहा करायला उठले तर पातेलं खोक्यात. खाली आमच्याकडेच प्यायलो. लावणीच्या दिवशी समोरचे शर्माजी विचारायला आले होते म्हणे, शादी है क्या? हिने बिनदिक्कत सांगितलं, नीचे पूजा है. ढोलकीवर पूजा! पोट धरून हसलो.
ती निघताना मी विचारलं, स्पीकरवरचं माझं खातं काढून टाकू?
"हात तर लावून बघ."

२० नोव्हें., गुरु.
मेहरूला निजामुद्दीन स्टेशनवर सोडून आलो. इम्रान न्यायला आला होता. बरोबर बटाटेवडे दिले. जानेवारीत आपल्या मराठी मंडळाची बस काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते, तेव्हा ये म्हटलं. खिडकीतली जागा तुझीच. "बघू" म्हणाली. तिचं बघू मला ठाऊक आहे. नाही म्हणवत नाही तेव्हाचं ते.

२३ नोव्हें., रवि.
रोज फोन होतो. सगळं छान आहे म्हणते. मुलं छान, सून छान, पाणीसुद्धा छान. इतकं छान कुणाचं असतं? ॲपमध्ये तिचं नाव दिसत नाही. नव्या वायफायला जोडावा लागतो, केतकी म्हणाली. मेहरूला काय जमणार, डोंबल. भूपाळी फोनवरच ऐकली. बरी वाटली नाही.

२७ नोव्हें., गुरु.
मेथी निवडत होते. फोन उजळला. "मेहरू हॉल". मी बटणाला हातही लावला नव्हता, तरी पुण्यात गाणं चालू! बघते तर पंजाबी. लग्नाच्या वरातीतलं, आपल्या गल्लीत थंडीभर बँडवाले बडवतात ना, तसलं. इथे ह्या गाण्यांनी हिचं डोकं उठायचं, खिडक्या लावून घ्यायची. ते संपलं, दुसरं लागलं. तेही पंजाबी.
फोन करणार होते, नाही केला. परत छान आहे म्हणेल.
ह्यांना सांगितलं, बसच्या तीन जागा धरायला सांगा. तिसरी खिडकीची. ती येणारे का, म्हणाले. मला काय माहीत? गाणं चालूच होतं. इथूनच आवाज जरा वाढवला.