हंड्यांच्या नळाला रबरी नळी

सोमवार, ३ जून १९६८. देरा.

झावळ्यांच्या झोपड्यांच्या वस्तीतल्या उम्म सालेमने आज विचारलं, "माझ्या घरी पाणी येतं गाढवावरून. तुझ्या गाडीतही त्याच गाढवावरून. मग तुझ्या पाण्याने जखम बरी होते आणि माझ्या पाण्याने चिघळते म्हणतेस, हे कसं?" तिच्या हिंदीत अर्धी अरबी असते, पण प्रश्न सरळ होता.

उकळते मी. पण स्टोव्ह एक, किटल्या दोन, आणि रोज तीस-चाळीस बायका. पिण्याचं, बाळांच्या दुधाचं तेवढं उकळतं. बाकी सगळं टाकीतलं तसंच. कुणा साहेबाची सहलीची कॅरव्हॅन, डॉ. बाईंनी दवाखान्यासाठी मागून आणली. साहेबलोक दोन दिवस हिंडून घरी जातात, त्यांना एवढीशी टाकी पुरते.

तिच्या नातीची, मरियमची, भाजलेली मांडी उघडली. पू. पट्टी मीच बांधली होती, गुरुवारी. कोणत्या पाण्याने धुऊन, ते मला ठाऊक आहे.

गुरुवार, ६ जून

डॉ. बाईंना सांगितलं. सगळं सांगितलं, किटल्यांसकट. त्या रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मग तू जखमा धूत नाहीस, पेरतेस."

रास अल-खैमाला त्यांना नळाची जागा मिळते आहे. ३० तारखेपर्यंत इथे गाडीला नळाचं पाणी लागलं तर गाडी इथेच, नाही तर त्या ओढून नेणार. तोवर त्या तिकडे. म्हणजे चोवीस दिवस, आणि मी.

शनिवार, ८ जून

पाण्याच्या ऑफिसात. मॅथ्यू नावाचा केरळी कारकून, सभ्य माणूस, खुर्ची दिली. अर्ज वाचून विचारलं, गाडीला चाकं आहेत? आहेत. मग नाही. मीटर घराला मिळतं. "उद्या तुमचा दवाखाना शारजाला गेला, तर मी मीटर वाचायला शारजाला जाऊ?"

वस्तीतल्या मशिदीच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ बसतो आहे, तो? तो हंड्यांसाठी. नळी लावायची नाही.

चाकांवर असलेल्या माणसांना तहान लागत नाही का, असं विचारणार होते. विचारलं नाही. घरी येऊन अब्बांना विचारलं. ते हसले, म्हणाले, अठ्ठावीस वर्षं मी बोटीवर होतो, आम्हाला तर चाकंही नव्हती.

मंगळवार, ११ जून

दाऊदचाचांकडून निरोप. गाडी आमच्या अंगणात आणा, बंगल्याला नळ आहे, जोडून घ्या. चाचा श्रीवर्धनचे. अब्बांना इथे त्यांनीच आणलं, अब्बा त्यांच्याच वर्कशॉपमध्ये लाँचची इंजिनं बघतात. भेटायला गेले, तर म्हणाले, "आपल्याकडची ग्रॅज्युएट झालेली पोरगी पाण्यासाठी दारोदार हिंडते. लोक मला काय म्हणतील?"

रडू आलं. पदराआड.

गुरुवार, १३ जून

माझी चूक. लिहून ठेवते, म्हणजे नंतर तिला दुसरं नाव देता येणार नाही.

अब्बांचं म्हणणं होतं, धक्क्यावरचं पाणी बोटीच्या लाइनीत कधी थेट सोडत नाहीत. आधी टाकीत, मग टाकीतून आत. माझं म्हणणं, टाकीत शेवाळ आहे, तिला वगळायलाच हवं. बंगल्याचा नळ थेट बेसिनच्या नळीला जोडा. प्रेशरचा हिशोब करून दाखवला. ते कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "तू शिकलीस गो पोरी, पण पाणी शाळेत गेलेलं नाय." तरी जोडून दिलं. मी म्हटलं म्हणून.

कॉक उघडला. पाच मिनिटं छान. मग बेसिनखालचा जोड सुटला. त्या बिचाऱ्या नळीला हातपंपाच्या जोराची सवय. मी बाहेर कॉककडे धावेपर्यंत दुधाच्या पावडरीचे उघडे डबे, कापूस, पट्ट्यांचा अख्खा खोका पाण्यात.

अब्बा फडकं घेऊन आले. वाकून पाणी पुसत होते. गुडघे दुखतात त्यांचे.

सोमवार, १७ जून

अब्बांच्या पद्धतीने. टाकी काढली, घासली, ब्लीचिंग पावडर घालून रात्रभर ठेवली, तीनदा धुतली. तोंडाशी बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद. रबरी नळीवर ओलं गोणपाट, नाही तर या उन्हात चहाच निघेल.

पंप मारला. स्वच्छ पाणी. हात धुतले, उगाच परत धुतले.

बुधवार, १९ जून

दोन दिवसांत नऊ बायका. सगळ्या आपल्याच, कोकणातल्या. चाचींची आते, तिच्या सुना. झावळ्यांच्या वस्तीतली एकही नाही. वाटलं, उन्हामुळे.

संध्याकाळी वस्तीत गेले. उम्म सालेम दारात बसलेली, उठली नाही. म्हणाली, काल आलो होतो ना, आम्ही सहाजणी. तुमच्या चौकीदाराने फाटकावरून परत पाठवलं. मरियमला उचलून आणली होती.

आत जाऊन पट्टी सोडली. लिहवत नाही.

गुरुवार, २० जून

चाचांकडे गेले. त्यांनी सरबत मागवलं. शांतपणे म्हणाले, घरात सुना आहेत, तान्ही नातवंडं आहेत, रोज पन्नास परक्या बायका खोकत, ओकत अंगणात बसल्या तर कसं चालेल. आपल्या लोकांसाठी दवाखाना खुशाल चालव. पाणी काय, वीजही देतो.

मी म्हटलं, दवाखाना त्यांच्यासाठीच आहे.

"मग त्यांच्यातच ने," चाचा म्हणाले. "तुझ्या अब्बांना मी काही बोलणार नाही हं. तो भला माणूस आहे."

बोलणार नाही, हे सांगायची गरज का पडली?

सोमवार, २४ जून

मॅथ्यूकडे तिसऱ्यांदा. मोठे साहेब सुट्टीवर. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात.

रोज उकळलेलं पाणी बरणीत घेऊन मरियमकडे जाते. ताप उतरत नाही. सरकारी इस्पितळात न्यायला तिचा बाप तयार नाही. तिथे पुरुष डॉक्टर. तो पोरीचा बाप, मी कोण? तरी भांडले. त्याने मान फिरवली.

परत येताना विचार आला की चाचांचं ऐकावं. निदान नऊ बायकांचं तरी भलं होईल. शून्यापेक्षा नऊ बरे. हा विचार मी केला. अर्ध्या रस्त्यापर्यंत केला.

बुधवार, २६ जून

गाडी आणली. चाचांची पिकअप मागायची लाज वाटली. उम्म सालेमला सांगितलं, तर ती अकरा बायका घेऊन हजर. वाळूत चाकांखाली झावळ्या टाकायच्या, ढकलायचं, मागच्या झावळ्या उचलून पुढे टाकायच्या. फाटकापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण सकाळ. "लग्नात नवऱ्याने मला दोन उंट दिले," उम्म सालेम धापा टाकत म्हणाली, "ते तरी आपल्या पायांनी चालत आले होते." सगळ्या हसल्या. मीही. किती दिवसांनी.

चाचा गच्चीवर होते.

गुरुवार, २७ जून

कोपऱ्यावरच्या नळाला पाणी येतं सकाळ-संध्याकाळ. गाडी त्याच्यापासून बारा पावलं. बारा पावलं, आणि मी हंड्याने टाकी भरते आहे. रांगेतले हंडे, कुणाचा धुतलेला, कुणाचा नाही. पुन्हा गाढवाचंच पाणी, फक्त गाढव मी.

अब्बांना म्हटलं, नळावर एक टी, तीन तोंडांचा जोड, बसवून द्या. एका तोंडाला त्यांचा नळ, दुसऱ्याला आपली नळी. रांगेचं पाणी थांबणार नाही, आमची टाकी बाजूने भरत राहील.

अब्बांनी पान लावलं. मग म्हणाले, "परवानगीशिवाय मी कधी कुठल्या पाइपाला पाना लावला नाय. माझ्या हातून नाय होणार." पुढे म्हणाले, पकडलं तर तुला परत पाठवतील, आणि मला तर चाचाच पाठवील. घरी धाकट्या दोघांच्या शाळा आहेत. हे त्यांनी मला दटावून नाही सांगितलं. आठवण म्हणून सांगितलं.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अजून तरी एकटीच.

शुक्रवार, २८ जून

डॉ. बाईंची चिठ्ठी. रविवारी सकाळी ओढायला गाडी घेऊन येतात. "तू प्रयत्न केलास, मला माहीत आहे." प्रयत्न हा शब्द परीक्षेत नापास झालेल्यांना देतात.

मरियमने आज पाणी प्यायला तोंड उघडलं नाही. चमच्याने दिलं.

शनिवार, २९ जून

दुपारी दीडला, नळाला पाणी नसताना, कोपऱ्यावर कुणी नसताना. खालचा कॉक आधी बंद केला. पाना जड, पहिल्या झटक्याला मनगट मुरगळलं. गळू नये म्हणून थ्रेडवर ताग, वर सफेद्याचा लेप, अब्बा गुंडाळतात तसा, आट्याच्या दिशेने. टी. एका तोंडाला हंड्यांचा नळ, दुसऱ्याला नळी. अर्धा तास लागला. अब्बांना चार मिनिटं लागली असती.

पाच वाजता पाणी आलं. रांग लागली, हंडे भरू लागले. जोडातून एक थेंब गळला, दुसरा, मग थांबला. टाकी भरली, बॉलकॉक मिटला.

त्याआधीच, साडेतीनला, ऑफिसात जाऊन मॅथ्यूच्या हातात कागद दिला होता: सार्वजनिक नळावर जोडणी मी केली आहे, माझ्या वडिलांनी नाही, त्यांनी नकार दिला होता, काढायची असेल तर आधी येऊन मरियमला बघावं. खाली पूर्ण नाव, पत्ता, पदवी. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, म्हणाला, सिस्टर, हा कागद परत घ्या, मी पाहिला नाही असं समजतो. मी म्हटलं, नोंद करून पोच द्या.

पोच घेऊन आले.