बबनरावचा ठोका

१२ जानेवारी, रविवार
क्लबात ब्रिजची स्पर्धा, संत तुकाराम नगर. पंच मीच. तिसऱ्या टेबलावरून हाक आली. बबनरावच्या जोडीदाराने चार बदामची बोली दिली, मग ब.चा हात टेबलावर वाजला. विरुद्ध जोडीने तो पास धरला आणि पान टाकलं.
ब. म्हणाला, "मी पास दिलाच न्हाई, नाना. बोली सहापत्तुर न्यायची व्हती मला."
नियमाने टेबलावरच्या पेटीतलं बोलीचं कार्ड काढलं तरच बोली किंवा पास. पण ब. कायम ठोक्यानेच पास देतो, आणि मी कधी हटकलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे. दोस्ताला झुकतं माप दिलं म्हणतील... पासच धरला. ब. चहा न घेताच गेला.

१३ जाने.
तो ठोका खरं तर माझाच. कंपनीत कॅन्टीनशेजारीच पत्रा दाबायच्या यंत्रांचं प्रेस शॉप, बोललेलं ऐकू येत नसे. जेवणाच्या सुट्टीत डबा सरकवून पत्ते. मीच ठरवलं, एक ठोका म्हणजे पास. एकवीस वर्षं ब. जोडीदार म्हणून समोर बसला, भोंगा होईपर्यंत. काय दिवस होते! दोन वर्षांपूर्वी पंच झालो नि त्याला दुसरा जोडीदार शोधावा लागला. तेव्हा फार मिरवलो मी.

१५ जाने.
मंदावहिनींचा, म्हणजे ब.च्या बायकोचा फोन. "भावोजी, आता क्लबात जायचंच न्हाई म्हनत्यात. दिवाळीपासनं हात थरथरतोय त्यांचा. तुमाला सांगू नका म्हनले व्हते."
म्हणजे रविवारी तो ठोका नव्हताच. मला कळायला हवं होतं. शरम वाटते.

१८ जाने., शनिवार
सकाळीच दिघीला ब.च्या घरी गेलो. माफी मागितली. "ऱ्हाऊ दे रं," एवढंच. पण पत्ते त्यानेच काढले. दोघांतच नुसत्या बोलीचा सराव, पूर्वी कंपनीच्या बसमध्ये करायचो तसा. मी चार बदाम म्हटलं. त्याचा हात टेबलावर वाजला.
मी थांबलो. तो हाताकडे बघत राहिला.
"आता काय धरनार, नाना?"
"काही नाही. तू तोंडाने सांग."
वहिनींनी चहा आणून ठेवला. त्याने पत्ते पुन्हा नीट लावले. उद्या क्लबात येतोस का, हे मला विचारायचं होतं. पण बोली त्याची होती, म्हणून गप्प बसलो.